चंद्री रविवारी काकांकडे जातेय

प्रिय आई-बाबा,

फोन केला की आई "बरी हाय की मी" म्हणते आणि फोन बाबांकडे देते, म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून तिला सगळं वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

आधी वाईट वाटेल ते सांगते. चंद्रीला रविवारी धाकटे काका न्यायला येणारेत. विकली नाहीये, त्यांच्या गोठ्यात बांधायची फक्त, दूध तुम्हाला रोज येईल. न विचारता ठरवलं ते चुकलं असेल, पण विचारलं असतं तर आईने नाहीच म्हटलं असतं आणि आपल्या खानापूरच्या थंडीत पहाटे उठून गार पाण्यात किटल्या घासत बसली असती.

आई, दिवाळीत तू बोटं दाखवलीस, आधी पांढरीफटक, मग निळी, चुलीशी धरल्यावर लालभडक, आणि मी काय म्हटलं, तुझी रंगपंचमी लवकर आली! ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

याला रेनॉड म्हणतात. मोरिस रेनॉड नावाच्या फ्रान्सच्या डॉक्टरने १८६२ साली लिहून ठेवलंय. गारवा लागला की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, रक्त पोचत नाही. कितीतरी पोरींना तरुणपणी होतं आणि पुढे काही निघत नाही. तुला मात्र पन्नाशीनंतर सुरू झालं, बोटांची कातडी ताठ झालीय, अंगठी निघत नाही, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, रात्री छातीत जळजळतं. असं सगळं एकत्र आलं की स्क्लेरोडर्मा किंवा ल्युपस वगैरे आहे का ते बघावं लागतं, त्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटते. असेलच असं नाही गं. आणि असलं तरी तो महारोग नाही, कुणाला लागत नाही, हळदीकुंकवाला हात पदराखाली लपवायचं बंद कर.

म्हणून इथे पुण्यात संधिवातवाल्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. रक्ताची एएनए टेस्ट करतील (प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटलीय का त्याचा अंदाज येतो), नखाच्या मुळाशी भिंगातून बघतील (दुखत नाही), फुप्फुसं आणि हृदय तपासतील. बेळगावहून वंदे भारतचं तिकीट काढणार होते पण डब्यात एसी, म्हणून गाडी घेऊन मीच येते. तुमच्या खोलीत ऊन येतं, गीझर आहे, कमोड आहे, बाबांचा पेपर सुरू केलाय. तांदूळ मात्र आपलाच आणा, बेळगाव बासमती, इथला आईला गिळवत नाही आणि बाबा बोलून दाखवतात.

शाळेतून भिजून आले की तू माझे हात काखेत दाबून धरायचीस, स्वतः कुडकुडत. तेव्हा तुझे हात किती गरम असायचे गं.

आता ऐका. आईची बीपीची गोळी अटेनोलोल आहे, त्याने बोटं आणखी गार पडू शकतात. पण स्वतःहून बंद करायची नाही, चिठ्ठी घेऊन या, डॉक्टर बदलून देतील. बीपी आठवड्यातून दोनदा मोजा आणि लिहा. गावातल्या कुणी स्टेरॉईडचं इंजेक्शन देतो म्हटलं तर नको म्हणा. हात कोमट पाण्यात, कढत नाही, बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. बोटाला जखम झाली किंवा टोक काळं पडलं तर रात्री दोनला पण फोन करा. आणि बाबा, बिडी. तुम्हाला बोलायचा मला हक्क नाही, पण त्या धुराने तिच्या रक्तवाहिन्या आवळतात, निदान पडवीत नको, अंगणाच्या पलीकडे.

हातमोजे पाठवलेत. निळा जोड आईचा, काळा तुमचा, अदलाबदल करू नका, तुमचे तिला सैल होतात.

तुमची,
छकुली