आधी फोल्डर, मग फोटोशॉप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की बेळगाव, निपाणी, खानापूर भागात फोटोग्राफीच्या क्लासची पत्रके फिरू लागतात. बहुतेकांवर एकच वायदा असतो : महिन्याभरात फोटोशॉप आणि लाईटरूम ही फोटो एडिटिंगची सॉफ्टवेअर. शिकवतातही, त्याबद्दल तक्रार नाही. पण हा क्लास करून लग्नसराईत कामाला लागलेल्या मुलामुलींना गालावरचा पुटकुळीचा डाग दोन मिनिटांत काढता येतो आणि गेल्या आठवड्याच्या ऑर्डरमधला अक्षतांचा फोटो अर्ध्या तासात सापडत नाही. स्टुडिओ आणि फोटो लॅबमध्ये रोज हेच काम करणारे म्हणून आम्हाला वाटते, की पहिले पंधरा दिवस एडिटिंगच्या स्लायडरला (उजेड-रंग कमीजास्त करायच्या सरकपट्टीला) हातही न लावू देता फक्त फाइली सांभाळायला शिकवावे.

आधी हिशेब बघा. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा, प्रक्रिया न केलेला फोटो) साधारण २५ ते ३० एमबीची असते. हळद, लग्न, वरात धरून दोन कॅमेऱ्यांवर तीन हजार फ्रेम सहज होतात, म्हणजे एका लग्नाचे ८० जीबीच्या वर. पंधरा लग्नांचा हंगाम सव्वा टीबीच्या घरात जातो. पूर्वी गिऱ्हाइकाला डीव्हीडी देत असू. एका डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, तेव्हा आज एका लग्नाला अठरा लागतील. जुन्या यूएसबी २ च्या कार्ड रीडरमधून सेकंदाला ३० एमबीच्या आसपास माल उतरतो, त्यामुळे एवढ्या फाइली घ्यायला पाऊण तास जातो. कार्ड आणि यूएसबी ३ चा रीडर दोन्ही ९० एमबीचा वेग देणारे असतील तर तेच काम पंधरा-सोळा मिनिटांचे. कॅमेऱ्याला नवी बॅग घेण्याआधी चांगला रीडर घ्यावा तो यासाठी.

घोळ नेमका इथे होतो. रात्री एक वाजता मंगल कार्यालयातून आलेला मुलगा पेंगत असतो. तो कार्ड लावतो आणि 'कॉपी'च्या जागी 'कट' करतो. मध्येच लाईट गेली की निम्म्या फाइली कार्डात, निम्म्या संगणकात, आणि मधली एखादी अर्धवट. कुठली अर्धवट ते उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. कार्डावरून नेहमी कॉपीच करायची. कॉपी झाली की दोन्हीकडच्या 'प्रॉपर्टीज' उघडून फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळतात का ते पाहायचे, मग पहिली, शेवटची आणि मधल्या चार-पाच फाइली मोठ्या करून बघायच्या. हे दोन वेगळ्या डिस्कवर झाल्याशिवाय कार्ड रिकामे करायचे नाही. रिकामे करायचे ते कॅमेऱ्यातच 'फॉरमॅट' करून. संगणकावर एकेक फाइल डिलीट करून नव्हे. कार्ड चुकून फॉरमॅट झालेच तर त्यावर एकही नवा फोटो न काढता ते बाजूला ठेवावे. 'फोटोरेक' या मोफत प्रोग्रामने बरेच काही परत मिळते, मात्र फाइलींची मूळ नावे जातात. नवा फोटो वर पडला की त्या जागेवरचा जुना गेलाच.

दुसरी गोची नावांची. बहुतेक कॅमेरे ९९९९ पर्यंत मोजतात आणि पुन्हा ०००१ वर येतात. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असतील तर दोघांतही ०३४७ क्रमांकाची फाइल निघू शकते. दोन्ही कार्डे एकाच फोल्डरमध्ये उतरवताना विंडोज विचारते, 'रिप्लेस' करू का? झोपेत त्यावर क्लिक होते. पहिल्या कॅमेऱ्यातले मंगळसूत्र जाते, त्या जागी दुसऱ्या कॅमेऱ्यातली पंगत येते. म्हणून प्रत्येक कार्डाला आधी स्वतंत्र फोल्डर हवा.

दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे जुळलेली नसतील तर वेळेनुसार लावलेले फोटो उलटेसुलटे होतात : हार घातलेला आधी आणि अंतरपाट नंतर. कामाला सुरुवात करताना दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच मोबाईलच्या घड्याळाचा, सेकंद दिसतील असा, एकेक फोटो काढावा. नंतर लाईटरूममध्ये 'एडिट कॅप्चर टाईम' वापरून एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो तेवढ्या फरकाने मागेपुढे सरकवता येतात. हे झाल्यावरच फाइलींना नवी नावे द्यावीत. क्रम चुकला तर नावातले आकडेही चुकीच्या क्रमाने पडतात.

नाव देताना तारीख उलटी लिहावी : वर्ष, महिना, दिवस. ७ डिसेंबर २०२५ चे लग्न असेल तर २०२५१२०७, पुढे गाव, प्रसंग आणि चार आकडी क्रमांक. दिवस आधी लिहिला तर संगणक सगळ्या महिन्यांच्या सात तारखा एका रांगेत लावतो. फाइलचे नाव रोमन अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता असावे. देवनागरी किंवा कानडी नावाची फाइल आपल्या संगणकावर नीट दिसते, पण लॅबच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तिची प्रश्नचिन्हे होतात. 'फायनल', 'फायनल न्यू', 'फायनल न्यू २' ही नावे तर आमच्या धंद्याला लागलेला जुना रोग आहे. वर्षाच्या फोल्डरमध्ये प्रसंगाचा फोल्डर, आणि त्यात रॉ, निवड, पीएसडी (फोटोशॉपची थर असलेली फाइल), लॅब असे चार फोल्डर केले की 'फायनल'ची गरजच उरत नाही. लॅबच्या फोल्डरमध्ये आहे ते लॅबला गेले.

लाईटरूमबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे. फोटो 'लाईटरूममध्ये' आहेत असे मुले म्हणतात आणि डिस्कवरचे मूळ फोल्डर जागा खाते म्हणून उडवतात. संगणकावरच्या लाईटरूम क्लासिकच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, फोटो नसतात. त्यात फोटो कुठे आहे त्याचा पत्ता, एडिटिंगची नोंद आणि लहान प्रतिमा एवढेच असते. फोल्डर विंडोजमधून दुसरीकडे हलवला तर लाईटरूममध्ये त्यावर प्रश्नचिन्ह येते. त्यावर उजवी क्लिक करून 'फाइंड मिसिंग फोल्डर'ने नवी जागा दाखवली की सगळे जागेवर येते. हलवायचे तर मुळात लाईटरूमच्या आतूनच हलवावे. डार्कटेबल, रॉथेरपी ही मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी रॉ फाइलीशेजारी तयार होणारी छोटी फाइल कचरा समजून डिलीट करू नये. केलेल्या एडिटिंगची नोंद त्या काही केबींत असते. विद्यार्थ्याला ही मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. चोरीचे फोटोशॉप टाकून संगणकात व्हायरस घेण्यात काही शहाणपण नाही.

बॅकअपचा ३-२-१ नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. आपल्याकडे 'दुसरे ठिकाण' म्हणजे क्लाउडच हवे असे नाही. ८० जीबी चढवायला खानापूरच्या आतल्या गावांत रात्र पुरत नाही. एक डिस्क दुकानात आणि एक घरी असली तरी चालते. दोन्ही एकाच बॅगेत असल्या तर ती एकच प्रत धरावी. पावसाळ्यात लेन्ससारखीच डिस्कही हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवावी.

आता थोडे एडिटिंग. 'लॅबवाल्याने फोटो काळे काढले' ही तक्रार दहापैकी सात वेळा तक्रार करणाऱ्याच्याच स्क्रीनची असते. ब्राइटनेस पूर्ण चढवलेल्या लॅपटॉपवर फोटो उजळ दिसतो म्हणून मुलगा एक्स्पोजर कमी ठेवतो. कागदाला स्वतःचा उजेड नसतो, तिथे तो फोटो काळवंडतो. स्क्रीनची उजळता ८० ते १२० कँडेला (उजेड मोजायचे एकक) प्रति चौरस मीटर असावी. ती मोजायचे यंत्र नसेल तर लॅबमधून एक प्रिंट काढून आणावी, खिडकीच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरावी आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणावा. रात्रीचा 'नाईट लाईट' बंद करावा. त्याने स्क्रीन पिवळी होते, आपण रंग निळ्याकडे ओढतो आणि सकाळी प्रिंटमध्ये नवरी निळसर येते. लॅबला फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगव्यवस्थेतच द्यावी. ॲडोब आरजीबी या जास्त रंगांच्या व्यवस्थेतली फाइल, तिच्यातली रंगांची नोंद (प्रोफाइल) न वाचणाऱ्या यंत्रावर फिकी पडते.

हळदीच्या फोटोत पूर्ण फ्रेमचा पिवळा कमी करतात, मग झेंडूही मरतो. करड्या कार्डाच्या फोटोवरून व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा अशी रंगांची जुळणी) घ्यावा आणि उरलेला पिवळेपणा फक्त चेहऱ्यावर मास्क टाकून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, उतरवावा. लाल शालूचे किंवा भगव्या फेट्याचे धागे दिसेनासे होतात तेव्हा हिस्टोग्राममधला (उजेडाच्या आलेखातला) लाल चॅनल उजव्या भिंतीला टेकलेला असतो. तिथे एक्स्पोजर न हलवता लालची सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) थोडी कमी करावी. आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत निळ्या एलईडीखाली काळपट आलेला भगवा झेंडा कुठल्याही स्लायडरने भगवा होत नाही. त्या उजेडात लाल अंशच नव्हता, तर कापड परत काय पाठवणार? तिथे फ्लॅश मारावा किंवा फोटो कृष्णधवल करावा. एलईडीच्या आडव्या पट्ट्या मात्र बऱ्याच वेळा टाळता येतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून साधे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की पट्ट्या बहुधा जातात.

सीमाभागात एक काम पुण्या-मुंबईपेक्षा जास्त पडते : अल्बमवर दोन लिप्यांत नावे. १२ बाय ३६ इंचाची शीट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय १०८०० पिक्सेलची होते, एवढे क्लासमध्ये सांगतात. पण जुन्या फोटोशॉपमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू केला नसेल तर 'चिकोडी'तली पहिली वेलांटी 'च'च्या उजवीकडे जाऊन बसते, 'श्री' फुटतो आणि कानडीतली ओत्तक्षरे (अक्षराखाली लागणारी जोडाक्षरे) सुटी होऊन शेजारी पडतात. मुले मग श्रीलिपी किंवा कानडीसाठीच्या नुडीच्या जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखली जातील अशी पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप करतात. आपल्याकडे ते बरोबर दिसते. पीएसडी दुसऱ्या संगणकावर गेली की नवरदेवाच्या नावाच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा. युनिकोड फाँट वापरावा, दोन्ही घरच्यांकडून नावे लिहून घ्यावीत आणि लॅबला सपाट केलेली जेपेग द्यावी. मधल्या घडीवर आणि कडेच्या पाव इंचात नाव किंवा चेहरा नको.

गावांच्या नावांचे तसेच. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. त्याआधीचे फोल्डर जुन्या इंग्रजी स्पेलिंगने, नंतरचे नव्या. शोधायला गेले की निम्मेच सापडतात. राजहंसगड म्हणून शोधले तर 'येळ्ळूरचा किल्ला' म्हणून ठेवलेले फोटो येत नाहीत. हा वाद फाइलींनी सोडवायचा नसतो. कीवर्डमध्ये (फोटोला जोडायच्या शोधशब्दांत) सगळी नावे, मराठी, कानडी आणि दोन्ही इंग्रजी स्पेलिंगे, समानार्थी म्हणून एकदाच भरावीत. लाईटरूममध्ये त्यासाठी 'सिनॉनिम' अशी जागाच आहे. सोबत पिनकोड टाकला तर आणखी बरे : निपाणी ५९१२३७, खानापूर ५९१३०२. आकड्यांना भाषा नसते.

शेवटचा मुद्दा आपल्या कार्यालयाच्याही कामाचा आहे. गावोगावचे विद्यार्थी कार्यक्रमांचे फोटो वृत्तपत्रांना व्हॉट्सॲपवर पाठवतात. तिथे साधा फोटो लहान होतो आणि फाइलच्या आतली तारीख, वेळ, फोटोची ओळ सगळे निघून जाते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा ईमेलने पाठवला तर सगळे टिकते. पाठवण्याआधी फाइलच्या 'कॅप्शन' रकान्यात डावीकडून उजवीकडे कोण, कुठे, कधी हे मराठीत भरावे; युनिकोड असल्यामुळे ते तिथे व्यवस्थित राहते. सत्काराच्या फोटोतला चौथा इसम कोण, हे विचारायला मग आपल्या उपसंपादकांना रात्री दहा वाजता कुणाची झोपमोड करावी लागणार नाही.

आपले,
स्टुडिओ व फोटो लॅबमधील काही कामगार,
शहापूर, बेळगाव