एकटा शब्द वहीत नको: स्पॅनिशच्या बाईंना अनावृत पत्र

प्रिय बाई,
सादर नमस्कार.

वर्गात सगळे तुम्हाला 'प्रोफेसोरा' म्हणायचे, मीही म्हणायचो. पण आभार मानायला बसलो की तोंडी 'बाई'च येतं. पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण स्पॅनिश शिकायला बसलेला मराठी माणूस ज्या दगडाला पहिल्याच महिन्यात ठेचकाळतो, तो माझ्या वाटेतून तुम्ही उचललात. टेबल बाई का आणि पुस्तक बुवा का, हा तो दगड.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या वहीत एकट्याने जमवलेली २०० नामं होती. 'मेसा: टेबल. लिब्रो: पुस्तक. मानो: हात.' तुम्ही वही चाळलीत, खोडलं काहीच नाही, फक्त प्रत्येक शब्दाच्या आधी एकेक रिकामा चौकोन काढत गेलात. दोन पानं झाल्यावर म्हणालात, "बाकीचे चौकोन घरी काढा आणि सगळे भरून आणा. एल की ला. एकटा शब्द वहीत नको." 'एल' म्हणजे पुल्लिंगी नामाआधी लागणारा छोटा शब्द, 'ला' स्त्रीलिंगी नामाआधीचा. खरं सांगतो, मनातून चिडलो होतो. एवढी मेहनत केली ती काय चौकोनांसाठी?

मी हटून विचारलं, नियम आहे ना? 'ओ'ने संपलं की पुल्लिंगी, 'आ'ने संपलं की स्त्रीलिंगी. तुम्ही म्हणालात, "आहे की. मग 'एल कासा' का म्हणता?" आणि कारणही तुम्हीच सांगितलंत. मराठी कानाला शेवटचा 'आ' पुरुषी वाटतो: घोडा, दरवाजा, चष्मा, रस्ता. पोर्तुगीजांचा 'बटाटा' त्यांच्याकडे स्त्रीलिंगी. आपल्याकडे आला आणि त्या 'आ'पायी 'तो' होऊन बसला. मग फळ्यावर तुम्ही दुसरी ओळ लिहिलीत: भाषा, शाळा, आशा, कविता. "हा 'आ' कानात ठेवा. संस्कृतचा हा 'आ' आणि लॅटिनचा 'आ' एकाच घराण्यातले." तेव्हापासून 'ला कासा', म्हणजे घर, म्हणताना मी मनात 'ती शाळा' म्हणतो. घर मराठीत 'ते' असलं तरी आता आड येत नाही.

दुसरा प्रसंग तुम्हाला आठवत असेल. 'मी दमलो' हे स्पॅनिशमध्ये सांगायचं होतं. तुमच्या तोंडून ऐकलेलं वाक्य मी जसंच्या तसं म्हटलं: 'एस्तोय कान्सादा.' वर्ग हसला. तुम्ही न हसता विचारलंत, "घरी 'मी दमले' म्हणता का हो?" संपलं! 'कान्सादो' आणि 'कान्सादा' पुन्हा कधी चुकलं नाही.

अपवादांच्या दिवशी मात्र मी रडकुंडीला आलो होतो. 'ओ'ने संपूनही 'ला मानो'. लॅटिनमध्येच हात स्त्रीलिंगी होता, स्पॅनिशने तो तसाच ठेवला. 'ला फोतो' आणि 'ला मोतो' ही लांबलचक स्त्रीलिंगी शब्दांची तोडलेली रूपं, म्हणून लिंग मूळचंच. उलट 'एल दिआ', म्हणजे दिवस. तो पाठ करायची गरजच नाही म्हणालात, रोज सकाळी 'ब्वेनोस दिआस' म्हणता ना, त्यातला पुल्लिंगी 'ओस' ऐका. 'प्रोब्लेमा', 'सिस्तेमा', 'तेमा', 'क्लिमा', 'इदिओमा' ही ग्रीकमधून आलेली मंडळी, सगळी 'एल'वाली. म्हणून मी मोठ्या तोऱ्यात 'एल कामा' म्हटलं, तर पलंग निघाला 'ला कामा'. तो ग्रीक नव्हे.

पण माझा लाडका शब्द पाणी. 'एल आग्वा' वाचून मी चौकोनात 'एल' लिहिलं, पुल्लिंगी म्हणून मोकळा झालो. पुढच्या ओळीत 'एल आग्वा फ्रीआ' आलं, थंड पाणी, आणि विशेषण चक्क स्त्रीलिंगी! मला वाटलं छपाईची चूक. तुम्ही समजावलंत: आग्वा स्त्रीलिंगीच आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये 'ला'च्या जागी 'एला' होतं. पुढे 'आ' आला की त्याचा शेवटचा 'आ' गळून 'एल' उरलं. आज हे फक्त शब्दाच्या सुरुवातीच्या 'आ'वर जोर असेल तेव्हाच, म्हणून 'एल आल्मा' (आत्मा), 'एल आगिला' (गरुड), पण 'ला आमीगा' (मैत्रीण). अनेकवचन केलं की सोंग उतरतं: 'लास आग्वास'. मधे विशेषण घातलं तरी उतरतं: 'ला मिस्मा आग्वा', तेच पाणी. म्हणून तुम्ही वहीत चौकोनापाठोपाठ विशेषणाचीही जागा सोडायला लावलीत. 'ला मानो फ्रीआ', 'एल प्रोब्लेमा सेरिओ'. मी कुरकुरलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "खुर्ची स्त्रीलिंगी हे तुम्हाला कुणी शिकवलं?" कुणीच नाही. 'ती मोडकी खुर्ची' ऐकतच मोठा झालो.

'ला पेर्सोना' शिकवताना एकाने विचारलं होतं, पुरुषाबद्दल बोलतानाही 'ला'च? तुम्ही एवढंच म्हणालात, "ती व्यक्ती." सगळे गप्प.

जोड्याही तुम्हीच लिहून दिल्यात: 'एल कापिताल' भांडवल, 'ला कापिताल' राजधानी, 'एल ओर्देन' क्रम, 'ला ओर्देन' हुकूम, 'एल कोमेता' धूमकेतू, 'ला कोमेता' पतंग, 'एल कुरा' पाद्री, 'ला कुरा' उपचार. 'सिओन' आणि 'दाद'ने संपणारे शब्द डोळे मिटून 'ला', 'आखे'ने संपणारे 'एल'. या तीन शेपट्यांनी माझे कितीतरी चौकोन एका संध्याकाळी भरले.

वही आता भरली आहे. दोनच चौकोनांत मी दोन्ही लिहून ठेवलंय. एक 'मार', समुद्र: एरवी 'एल', पण कोळी आणि कवी 'ला मार' म्हणतात. दुसरा 'रादिओ': स्पेनमध्ये 'ला', मेक्सिकोत ऐकला तर 'एल'. हे चौकोन असेच चालतील ना? नाही म्हणालात तर वही घेऊन येतो.

तुमचा विद्यार्थी,
(आज 'कान्सादो'च)