‘नंतर बघू’ म्हणालीस म्हणून

प्रिय मनू,

काल कागदपत्रांचा विषय काढला तर ‘नंतर बघू’ म्हणून बोलता बोलता फोन ठेवून दिलास. "आई, मी काही राजाशी लग्न करत नाहीये," हे तुझं बरोबरच आहे. पण तुझं होणारं सासर इंग्लंडात इप्सविचजवळ, आणि जिच्यासाठी ब्रिटनच्या एडवर्ड राजाने राज्य सोडलं त्या वॉलिस सिम्प्सनचा घटस्फोट इप्सविचच्याच कोर्टातला, म्हणून तिचं नाव तोंडात आलं. आता पुरतं सांगते, मग कागदपत्रांचा विषय काढणार नाही.

बाल्टिमोरची ही मुलगी. वडील ती तान्ही असतानाच क्षयाने गेले, शाळेचे पैसे काकांनी भरले. पहिला नवरा नौदलातला वैमानिक आणि दारुडा, दुसरा अर्नेस्ट सिम्प्सन. तिने राजाला नादी लावलं असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही. ७ डिसेंबर १९३६ ला तिने फ्रान्समधल्या कान शहरातून निवेदन काढलं होतं, मी बाजूला व्हायला तयार आहे म्हणून. एडवर्डने ऐकलं नाही. १० तारखेला राजत्यागावर सही करून तो मोकळा झाला.

ती मात्र मोकळी नव्हती. २७ ऑक्टोबरला इप्सविचला मिळाला होता तो ‘डिक्री निसाय’, म्हणजे अर्धाच घटस्फोट. तो पक्का व्हायला सहा महिने लागायचे. तेवढ्यात नवरा-बायकोचं संगनमत होतं किंवा खुद्द तिचंच वागणं ठीक नव्हतं असं निघालं, तर किंग्ज प्रॉक्टर नावाचा सरकारी अधिकारी मध्ये पडून तो रद्द करवू शकायचा. म्हणून हा ऑस्ट्रियात, ती फ्रान्समध्ये, आणि बोलणं फोनवर. घटस्फोट पक्का झाला ३ मे १९३७ ला. म्हणजे त्याने राज्य सोडलं तेव्हा लग्न होईल याचीच खात्री नव्हती, मनू! आणि अंगठी? १९.७७ कॅरेटचा पाचू, आतल्या बाजूला तारीख कोरलेली, तीच २७ ऑक्टोबर. कोर्टाचं काम अर्धवट आणि तारीख अंगठीत कोरून मोकळे.

पुन्हा कागदावरच आले बघ. आत्याच्या सातबाऱ्याचं काय झालं ते तुला ठाऊक आहे, म्हणून जीव घाबरतो.

लग्नाच्या आठवडाभर आधी राजाज्ञा निघाली. ‘रॉयल हायनेस’ हा मान एडवर्डला, बायकोला नाही. एवढ्या एका ओळीने बायकांनी तिच्यापुढे गुडघा लववायची गरज उरली नाही. ३ जूनला फ्रान्समधल्या तूर शहराजवळच्या शातोमध्ये, म्हणजे मोठ्या वाड्यात, लग्न झालं, राजघराण्यातलं कुणी आलं नाही. तिचा फिकट निळा पोशाख न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, निळा रंग पार उडालाय. पॅरिसच्या घरात नोकरांनी ‘हायनेस’च म्हणायचं, असा एडवर्डचा हुकूम होता. पण ते घरापुरतंच. १९८६ मध्ये ती गेली. फ्रॉगमोरच्या राजघराण्याच्या दफनभूमीत त्याच्या शेजारी तिच्या दगडावर ‘वॉलिस, डचेस ऑफ विंडसर’ एवढंच लिहिलंय. त्याच्या दगडावर ‘हायनेस’ आहे. एकोणपन्नास वर्षांत ती एक ओळ कुणी बदलली नाही.

टॉम चांगला मुलगा आहे. एडवर्डही तिच्यावर मनापासूनच जीव टाकत होता. प्रेमाबद्दल मी बोलतच नाहीये.

तुझा फियान्से व्हिसा, म्हणजे लग्नासाठी तिकडे जायचा परवाना, सहा महिन्यांचा, त्यावर तिकडे नोकरी करता येत नाही. म्हणून म्हणते, राजीनामा आत्ताच देऊ नकोस. रजेचं विचार. बँकेतलं खातं तुझ्या एकटीच्या नावाचं असू दे. झालं माझं व्याख्यान सुरू. माफ कर. पहिलीत नावातला ‘ळ’ उलटा काढायचीस, आणि परवा बाबा तुझं व्हिजिटिंग कार्ड डॉक्टरांना दाखवत होते, दोनदा.

पार्सलात मेतकूट आहे. डब्याखाली प्लास्टिकच्या फायलीत जन्मदाखला आणि पदव्यांच्या मूळ प्रती ठेवल्यात. फाइल मोठ्या बॅगेत टाकू नकोस, विमानात हातातल्या पिशवीत ठेव.

तुझी,
आई