मोबाइल पोराच्या हातात, दुखणं आईचं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात 14 वर्षांपासून आशा स्वयंसेविका आहे. सरकारच्या ई-संजीवनीवर घरबसल्या मोबाइलवरून डॉक्टर भेटतात, याचं कौतुक पेपरात येतं. ते खोटं नाही. ऐन कापूस वेचणीत तालुक्याला गेलं की दिवसाची मजुरी बुडते. पण एक गोष्ट लिहायची राहून जाते.

गावातल्या एका बाईला श्रावणापासून बरं नव्हतं. (तिला विचारूनच लिहिते आहे, खाणाखुणा बदलल्या आहेत.) मुलाने आपल्या मोबाइलवर नोंदणी केली, ओटीपी त्याच्याच नंबरवर आला आणि ओसरीत मोबाइलही त्यानेच धरला. बाजूला सासरा, दारात शेजारीण. डॉक्टरांनी नीट विचारलं, काय त्रास होतो? ती म्हणाली, पित्त होते, डोकं दुखते. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. महिन्याने पुन्हा त्याच. दिवाळीनंतर हापशीवर भेटली तेव्हा गुंड भरता भरता हळूच म्हणाली, "पाळी जाऊन चार वर्सं झाले वं बाई, आता पुन्हा अंगावरून जाते. पोट्ट्यासमोर कसं सांगू?"

पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर रक्त गेलं तर बाईला तपासावंच लागतं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलंय. डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जे कानावर आलं त्यावर त्यांनी औषध दिलं. टेलिमेडिसिनचे नियम 25 मार्च 2020 ला निघाले, त्यांतही गरज वाटली तर पेशंटला प्रत्यक्ष बोलवावं असं आहे. पण गरज वाटायला आधी कळायला तर पाहिजे!

पूर्वी हीच बाई बाजाराच्या दिवशी एसटीने तालुक्याला जायची. दवाखान्यात सिस्टर पडदा ओढायची, मुलगा बाहेर चहा घ्यायचा. तेवढी पाच मिनिटं तिची असत. मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा तर दोघी-तिघी मिळून जायच्या. आता घरचे म्हणतात, "मोबाइलवर भेटते ना डॉक्टर, मंग कायले जाऊन राहिली?" फेरी वाचली, तिच्यासोबत ती पाच मिनिटंही गेली.

याच्या उलटंही पाहिलं. एक तरणा पोरगा कर्जापायी घुम्यासारखा राहायचा. दवाखान्यात सगळे ओळखीचे, म्हणून तिकडे फिरकेना. मी त्याला टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 नंबर दिला. रात्री धुऱ्यावर जाऊन एकटाच पाऊण तास बोलला. "ओळखीचं कोणी नव्हतं म्हणून बोललो," असं त्यानेच सांगितलं. त्याचा मोबाइल त्याच्या खिशात होता, एवढाच फरक.

उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम कॉल लावून देतात, पण तिथेही दार सताड उघडं. आवाज नीट येत नाही म्हणून स्पीकर मोठा, आणि लाइनीतले लोक कान देऊन ऐकतात. डॉक्टरसाहेबांनी बाई दिसली की आधी "जवळ कोण कोण आहे?" एवढं विचारावं आणि बाकीच्यांना बाहेर जायला सांगावं. डॉक्टरने सांगितलं तर घरचे ऐकतात, आमचं ऐकत नाहीत. उपकेंद्रात कॉलच्या वेळी दार लावावं. पडद्यासाठी निधी नसेल तर माझ्याकडे एक जुनं लुगडं आहे.

त्या बाईला मी यवतमाळला घेऊन गेले. तपासणी झाली, रिपोर्ट यायचा आहे. केसपेपरवर मी माझा नंबर लिहिला. मुलाने विचारलं, "तुमचा कायले, ताई?" मी म्हटलं, माझ्या मोबाइलला रेंज चांगली येते.

आपली,
एक आशा स्वयंसेविका, जि. यवतमाळ
(कृपया नाव छापू नये)