हनुतसिंहांचे घोडेही आठवूया

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पोलोची बातमी आली की मी आधी घोड्यांची नावे शोधतो. ती क्वचितच सापडतात. करंडक कोणी दिला, पाहुणे कोण होते, हे मात्र हमखास असते. एकतीस वर्षे घोड्यांचा डॉक्टर म्हणून तबेल्यांत घालवलेल्या माणसाला हे खटकते, म्हणून हे पत्र.

जोधपूरचे रावराजा हनुतसिंह (1900–1982) आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहेत? ज्यांच्यामुळे जोधपुरी ब्रीचेस, म्हणजे घोडेस्वारीच्या विजारी, जगभर गेल्या, त्या सर प्रतापसिंहांचे हे चिरंजीव. 1933 साली जयपूरचा संघ इंग्लंडला गेला आणि हर्लिंगहॅमचा चॅम्पियन कप जिंकून आला. त्या विजयाचा विषय निघाला की महाराजा सवाई मानसिंह आठवतात आणि ते योग्यच आहे. ते स्वतः उत्तम खेळाडू होते. पण त्याच संघात नऊ गोलांचे हॅंडिकॅप, म्हणजे खेळाडूची योग्यता दाखवणारे मानांकन, असलेले हनुतसिंह होते. हॅंडिकॅप जास्तीत जास्त दहा असते, एवढे सांगितले म्हणजे त्यांची योग्यता कळेल. 1957 साली फ्रान्समध्ये दोव्हिल इथे पोलोच्या स्पर्धेत भारत जिंकला, तेव्हाही सत्तावन्न वर्षांचे हनुतसिंह संघात होते. 1958मध्ये पद्मभूषण, 1964मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला.

मला मात्र त्यांच्यातला चाबुकस्वार, म्हणजे घोडे शिकवून तयार करणारा, जास्त मोठा वाटतो. पोलोत उजव्या हातात काठी, म्हणून चारही वागा, म्हणजे लगामाच्या वाद्या, डाव्या हातात. भरधाव घोडा वळवायचा तो मानेला वाग नुसती टेकवून आणि खोगिरावर अंगाचा भार सरकवून. सामन्यातल्या सात-साडेसात मिनिटांच्या प्रत्येक डावाला, म्हणजे चक्करला, घोडा बदलायचा, म्हणजे असा एक घोडा तयार करून भागत नाही, अख्खी पागा तयार लागते. हे काम हनुतसिंह स्वतः करत आणि दुसऱ्यांना शिकवतही.

ते काम किती सबुरीचे, हे मी एका तबेल्यात पाहिले आहे. एक तांबडी घोडी काठी डोळ्याजवळून गेली की बुजायची. म्हाताऱ्या चाबुकस्वाराने आठ दिवस तिला फक्त चालवले, काठी खाली सोडून. नवव्या दिवशी त्याने काठी हळूच एकदा फिरवली. घोडीचा उजवा कान मागे गेला, तसा चाबुकस्वार लगेच थांबला, तिच्या मानेवर हात ठेवून काहीतरी पुटपुटला आणि त्या दिवसाचे काम तिथेच संपवले. महिन्याभराने तीच घोडी चेंडूमागे चौखूर धावत होती. त्या माणसाचे नाव कुठल्याही बातमीत आले नाही.

माझी विनंती एवढीच आहे. अर्जुन पुरस्काराच्या मानकऱ्यांवर कधी लेखमाला केलीत, तर हनुतसिंहांना त्यात जागा द्या, आणि लिहिताना त्यांच्या गोलांइतकेच त्यांनी घडवलेल्या घोड्यांबद्दलही लिहा. येत्या मोसमात सामन्याच्या आधी आपल्या वार्ताहराला एकदा पहाटे साडेपाचला तबेल्यात पाठवा. तेव्हा घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार खरारा करत असतात आणि चाबुकस्वार पहिला घोडा बाहेर काढत असतो. त्याचे नाव विचारा आणि छापा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त पशुवैद्यक, पुणे