व्हॉल्ट उघडण्याआधी

प्रिय मंदार,

तुझा मेसेज मिळाला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या ग्रेट व्हॉल्टमध्ये, म्हणजे दर आठवड्याच्या बक्षिसांच्या तिजोरीत, एकीकडे जास्त आयटम लेव्हलची अंगठी आणि दुसरीकडे त्याहून खालच्या लेव्हलचा पझल बॉक्स, म्हणजे खास परिणाम देणारं एक ट्रिंकेट, आलाय, ‘पटकन सांग, काय उचलू’ म्हणतोस. पटकन नाही सांगत. आठवडाभर डन्जन (पाच जणांच्या मोहिमा) करून, आठ पूर्ण करून तू त्या ओळीतले तिन्ही खण उघडलेस, आणि हाती लागणार एकच वस्तू. एकदा निवडली की बदलता येत नाही. तेव्हा हे नीट बसून ठरवू.

पहिली गोष्ट अंगठीची. तिच्यावरचा मोठा आकडा बघून तुझा हात तिकडे जातोय, हे मेसेजवरूनच कळलं. पण वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये अंगठ्या आणि नेकलेस यांच्यावर स्ट्रेंग्थ, म्हणजे तुझ्या माराचा मूळ स्टॅट (गुण), नसतेच. छातीचं चिलखत, पँट, शस्त्र यांची लेव्हल वाढली की स्ट्रेंग्थ वाढते, म्हणून तिथे मोठा आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो. अंगठीत मात्र सगळा खेळ क्रिट (जास्तीचा मार लागण्याची शक्यता), हेस्ट (वेग), मास्टरी (कॅरॅक्टरची खासियत) आणि व्हर्सॅटिलिटी (सरसकट वाढ) या दुय्यम स्टॅटचा. तुझ्या कॅरॅक्टरची, अनहोली डेथ नाइटची, मास्टरी शॅडो डॅमेज वाढवते आणि त्याचा बराचसा मार शॅडोचाच असतो. अशा वेळी नको ते स्टॅट असलेली वरच्या लेव्हलची अंगठी तुझ्या बोटातल्या जुन्या अंगठीपेक्षा कमीही पडू शकते. लेव्हल बघून गियर घालायची सवय सोड, असं मी तुला कळकळीने सांगतो.

आता सिम, म्हणजे संगणकावर लढाया खेळवून कुठलं गियर जास्त मारतं ते मोजणं. गेममध्ये सिम्युलेशनक्राफ्टचं ॲडऑन टाक आणि चॅटमध्ये ‘/सिमसी’ हा आदेश दे, अर्थात इंग्रजी अक्षरांत. एक लांबलचक मजकूर येईल: तुझे टॅलेंट, अंगावरची प्रत्येक वस्तू, तिचे जेम, एन्चँट, पिशवीतलं गियर, सगळं. तो उचलून रेडबॉट्स या वेबसाइटवर ‘टॉप गियर’मध्ये चिकटव आणि तुलनेला हव्या त्या वस्तूंवर खूण कर. सरसकट सगळ्यावर खुणा करू नकोस. चार अंगठ्यांतून दोन निवडायच्या म्हणजे सहा जोड्या, चार ट्रिंकेटांतून दोन म्हणजे आणखी सहा, मिळून छत्तीस संच. त्यात दोन बेल्ट घातलेस की बहात्तर. फुकटात चालवणाऱ्याची रांग मोठी असते, म्हणून ज्याचा खरोखर प्रश्न आहे तेवढंच निवड.

आत काय चालतं, हे मला या सगळ्यात फार आवडतं. तो प्रोग्राम तुझं कॅरॅक्टर घेऊन एका काल्पनिक बॉसशी लढतो. कुठला वार कधी करायचा याची एक प्राधान्ययादी त्याच्याकडे असते आणि ती तो न चुकता पाळतो. क्रिट लागणं, प्रॉक (आपोआप सुटणारा परिणाम) येणं हे नशिबावर असल्यामुळे एका लढाईला काही अर्थ नाही. एका शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. म्हणून तो हजारो लढाया खेळून सरासरी काढतो आणि शेजारी चूक-मर्यादाही दाखवतो. ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. दोन संचांतला फरक त्या मर्यादेच्या आत असेल तर ते दोन्ही सारखेच समज. मर्यादा निम्मी करायची तर लढाया चौपट कराव्या लागतात. त्यामुळे शे-दोनशे डीपीएसच्या (दर सेकंदाच्या माराच्या) फरकासाठी कुणी गिल्डमध्ये, तुमच्या खेळाडूंच्या गटात, वाद घालत असेल तर त्यात पडू नकोस.

स्टॅट वेट्स वापरू का, या तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच देतो. स्टॅट वेट्स, म्हणजे कुठल्या स्टॅटचं किती वजन याचे आकडे, काढून ते पॉन ॲडऑनमध्ये भरून ठेवू नकोस. ते वजन तू या क्षणी जे घातलं आहेस त्यापुरतंच खरं. एक अंगठी बदललीस की हेस्टची किंमत बदलते. शॅडोलँड्सपासून, म्हणजे 2020 पासून, एखादं स्टॅट ठरावीक हद्दीपुढे गेलं की त्याच्या रेटिंगला कमी मोल मिळतं, हेही आहेच. दुसऱ्याच्या ‘बेस्ट इन स्लॉट’ (प्रत्येक जागेची सर्वोत्तम वस्तू) यादीचंही तसंच. ती यादी ज्याच्याकडे सगळंच आहे त्याच्यासाठी असते. तुझ्याकडे जे आहे त्यावर काय शोभेल, हे तुझ्याच मजकुराचा सिम सांगेल, दुसरं कुणी नाही.

पण पझल बॉक्सच्या बाबतीत सिमने जे सांगितलं ते तसंच्या तसं घेता येणार नाही, आणि खरं तर याचसाठी मी हे लांबण लावलंय. तो दाबला की दोन सेकंद जागच्या जागी उभं राहून चॅनेल करावं लागतं, मग वीस सेकंद भरघोस मास्टरी मिळते, आणि पुन्हा दाबायला तीन मिनिटं थांबावं लागतं. सिमची नेहमीची लढाई असते ‘पॅचवर्क’. नॅक्सरामसमधल्या त्या जाडजूड बॉसचं नाव; उभं राहायचं आणि मारत राहायचं. तिथे ते दोन सेकंद कुणी हिरावत नाही. रेडमध्ये, म्हणजे मोठ्या गटाच्या मोहिमेत, तुझ्या पायाखाली आगीचं वर्तुळ नेमकं त्या क्षणी आलं तर तुला हलावंच लागतं आणि चॅनेल तुटतं.

वेळेचंही बघ. पॅचवर्कची लढाई पाच मिनिटांची धरलेली असते, वीस टक्के इकडेतिकडे. म्हणजे चार ते सहा मिनिटं. त्यात बॉक्स दोनदा पुरेपूर वापरला जातो. तुमच्या गिल्डने एखादा बॉस तीन मिनिटं दहा सेकंदांत पाडला तर दुसऱ्या वेळची निम्म्याहून जास्त मास्टरी वाया जाते. साडेसहा मिनिटं लागली तर तिसरी खेप पदरात पडते. गिल्डच्या लढायांचा लॉग (नोंद) उघडून प्रत्येक बॉसला किती वेळ लागतो ते बघ आणि तीच लांबी सिममध्ये घाल. शिवाय रेडबॉट्स मुळातच सगळे रेड बफ (ताकद तात्पुरती वाढवणाऱ्या गोष्टी), ब्लडलस्ट, फ्लास्क धरून चालतो. तू पाच जणांच्या डन्जनसाठी विचारत असशील तर नसलेले बफ काढून टाक आणि ‘डन्जन स्लाइस’ ही डन्जनसारखी लढाई लावून बघ. तिथे उत्तर पार उलटंही येऊ शकतं.

आणखी एक, जे कुठलाही सिम तुझ्यासाठी मोजणार नाही. तू युरोपच्या सर्व्हरवर खेळतोस. त्यांचे संध्याकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. शेवटच्या बॉसला तू पोचतोस तेव्हा दोन वाजून गेलेले असतात, त्यात पिंगही (सर्व्हरपर्यंतचा विलंब) मोठा. न चुकता रोटेशन (वारांचा क्रम) खेळणारा तो प्रोग्राम थकत नाही, तू थकतोस. म्हणून दोन ट्रिंकेट जवळपास सारखे निघाले तर ज्याला दाबावं लागत नाही ते घाल, हे माझं ठाम मत आहे. गिल्डमधले काही जण याला आळस म्हणतील. म्हणू देत. रात्री दोन वाजता जे हातून नीट होतं तेच तुझं खरं डीपीएस.

तुझ्या बाबतीत मला वाटतं बॉक्सच जिंकेल, कारण त्यावर स्ट्रेंग्थही आहे आणि तुझं दुसरं ट्रिंकेट बरंच जुनं झालंय. पण वाटण्यावर जाऊ नकोस. तीन सिम लाव: एक साधा पॅचवर्क, एक तुमच्या सरासरी वेळेचा, एक थोड्या हालचालीचा. तिन्हींत बॉक्स वर राहिला तर डोळे झाकून घे. फक्त पहिल्यात वर आणि बाकी दोन्हींत चूक-मर्यादेच्या आत आला, तर व्हॉल्टला हात लावू नकोस, तिन्ही लिंक आधी मला पाठव.

तुझा,
निखिल