पारोच्या गाईड दादांना, आईच्या बुटाच्या नाडीबद्दल

कुझुझांगपो ला दादा,

मराठीत लिहितोय, तुम्हाला वाचता येणार नाही माहितीय. पण हिंदीत लिहायला बसलो की सगळं 'बहुत बहुत धन्यवाद' छापाचं व्हायला लागलं, म्हणून म्हटलं राहू दे, कुणीतरी वाचून दाखवेल.

भूतानहून परत येऊन तीन आठवडे झाले तरी डोक्यातून जात नाहीये. तुम्ही आम्हाला सीमेवर फुंटशोलिंगला भेटलात, पण बस चालायची आमच्या इथून आलेल्या टूर मॅनेजरच्या शिट्टीवर. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन काय होणार. वीस मिनिटं, फोटो काढा, चला बसमध्ये. दोचुला खिंडीत १०८ छोर्तेन, म्हणजे छोटे स्तूप, कशासाठी उभे आहेत हे तुम्ही सांगत होतात, २००३ च्या लढाईत गेलेल्या सैनिकांचं, तेवढ्यात याची शिट्टी. आणि आमच्यातले दोन हिरो फोटोसाठी कठड्यावर चढून बसलेले. २०१९ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातला एक बाइकवाला तिथे छोर्तेनवर शिडी लावून चढला होता, केवढा गाजावाजा झाला, तरी अक्कल नाही. तुम्ही ओरडला नाहीत, हात धरून उतरवलंत आणि वर 'संभालके' म्हणालात. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण पत्र त्यासाठी नाही, आईसाठी आहे.

आई थिंफूपासून प्रत्येक देवळाबाहेर बसून राहत होती. 'तुम्ही जाऊन या रे, मी इथे बरी आहे.' पुनाखाच्या जोंगमध्ये, त्या किल्ल्यासारख्या मठातसुद्धा ती आतल्या देवळात आलीच नाही, अंगणातच बसली. मॅनेजर म्हणाला, काकू बसमध्येच थांबत जा ना, आत सगळीकडे सारखंच असतं! आणि मी, पोटचा मुलगा, मला वाटलं दमली असेल. रात्रीचे माणशी १२०० रुपये नुसते तिथल्या सरकारला भरून आईला बाहेर बसवायला नेलं होतं मी, असं आता वाटतं.

पारोला क्यिचु ल्हाखांगच्या देवळात तुम्ही आत जाता जाता मागे वळलात. आई पायरीवर बसलेली. तुम्ही काही विचारलं नाहीत. सरळ तो तुमचा झग्यासारखा घो सावरून तिच्या पुढ्यात खाली बसलात, ते बाह्यांचे पांढरे शुभ्र कफ मागे सारलेत आणि तिच्या बुटाची नाडी सोडायला लागलात. डाव्या गुडघ्यामुळे तिला वाकता येत नाही, बूट काढता येत नाहीत, आणि कुणाला सांगायची लाज वाटते, एवढंच होतं सगळं. पाच दिवस माझ्या लक्षात आलं नाही ते तुमच्या आलं. आई 'अरे बाळा नको, पायाला हात नको लावू' करत राहिली, तुम्ही दुसरा बूट काढलात आणि दोन्ही भिंतीकडेला सावलीत नीट जोडून ठेवलेत.

मग आत तिला गोष्ट सांगितलीत, तिबेटच्या राजाने राक्षसिणीला जखडायला १०८ देवळं बांधली आणि हे बरोब्बर तिच्या डाव्या पायावर आहे. आई म्हणाली, 'माझाही डावाच!' मला वाटतं अख्ख्या ट्रिपमध्ये ती पहिल्यांदा एवढी हसली. मूर्तीसमोरच्या लाकडी फळ्यांवर दंडवत घालून घालून पायांचे खळगे पडलेत, ते तुम्ही तिला दाखवलेत. ती बराच वेळ तिथेच बघत उभी होती. बाहेर शिट्टी वाजली, आणि तुम्ही नुसतं हाताने 'थांबा' केलंत. पाच दिवसांत तुम्ही मॅनेजरला पहिल्यांदाच थांबवलंत.

तुमच्याकडे ट्रॅफिक सिग्नल नाहीत, गाड्या तरी समोरच्याला जाऊ देतात, हॉर्न नाही, काही नाही. आम्ही बसमध्ये त्यावर जोक केले. ही माणसं अशी सावकाश का असतात असं म्हणत होतो आम्ही, सावकाश असल्यामुळेच तर त्यांना दिसतं ना, कोण बाहेर बसून राहिलंय ते.

तुम्ही बोलताना शेवटी 'ला' लावायचात. आई म्हणते आपलं 'जी' तसं त्यांचं 'ला'. आता ती दूधवाल्यालापण लावते, तो बघत बसतो.

परत बूट घालताना तुम्ही नाडी मुद्दाम सैल बांधलीत, नुसता पाय सरकवला की झालं. त्यानंतर पारोचं एकही देऊळ तिने बाहेरून बघितलं नाही. बूट दाराशी आहेत, नाडी तुम्ही बांधलेलीच आहे. परवा मी धुवायला म्हणून सोडायला गेलो तर ओरडली माझ्यावर.

कादिनछे ला, दादा. तुमच्याच भाषेत धन्यवाद.